माळवदाचा हिशेब

उमरग्यात जुन्या वाड्यांची माळवदं अजून आहेत. त्यांवर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकावी लागते, नाहीतर गळती आलीच. म्हणून आमच्या आत्यांनी दोन खोल्या भाड्याने देताना ‘माती भाडेकरू टाकेल’ असं करारात लिहून घेतलं होतं. भाडेकरूने दोन वर्षं टाकलीच नाही. घर सोडलं तेव्हा तुळई कुजलेली!

आत्यांचा संसार त्या भाड्यावर चालतो. त्यांनी रागारागात 50 हजारांची यादी केली: माळवद 16, भिंतीची भेग 14, रंग 12, नवं दार 8. मी म्हटलं, थांबा, एकेक बघू.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 सांगतं, की भाडेकरूने घर घेतलं तसं परत द्यावं. नेहमीच्या वापराची झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती मात्र वगळून. रंग पाच वर्षांचा, म्हणजे झीज. भेग तर 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाची. तो भाडेकरू तेव्हा उमरग्यात नव्हताच! दाराची बिजागरी त्याने तोडली हे खरं, पण सुतार अडीच हजारांत दार नीट करून देत होता. जुन्याच्या बदल्यात कोरं दार कसं मागणार? माळवदाचे 16 हजार मात्र पूर्ण त्याच्याच माथी, कारण करार मोडल्यामुळेच ते नुकसान झालं. दुरुस्तीत महिनाभर खोल्या रिकाम्या राहिल्या, त्याचं भाडं 4 हजार. एकूण साडेबावीस.

इंग्लंडात 1927 च्या कायद्याने याला आणखी एक मर्यादा घातली: घराची किंमत जितकी घटली त्याहून जास्त भरपाई नाही. मालक घर पाडणारच असेल तर दुरुस्तीचे पैसे कशाला?

मैत्रिणींनो, घर बघायला वेळीच जायला संकोचू नका. योग्य वेळी आत येऊन पाहण्याचा हक्क हेच कलम देतं. भाडेकरूच्या हयगयीने काही बिघडलं असेल आणि तुम्ही नोटीस दिलीत, तर तीन महिन्यांत त्याने ते दुरुस्त करायचं असतं. आणि किल्ली देतानाच तारखेसह फोटो काढा. आत्यांकडे नव्हते, त्यामुळे दाराच्या बिजागरीवरून तासभर वाद झाला.

15 हजार डिपॉझिट वळतं करून साडेसात उरले. दोन हप्ते आले. तिसरा पोळ्यानंतर देतो म्हणालाय.