आधी हजेरीपट द्या

"सिस्टर, सात पोरांच्या अंगावर उठलंय. सगळ्यांना घरी सोडतो." आश्रमशाळेच्या अधीक्षकांचा फोन सकाळी सातला. माझं उत्तर ठरलेलं: मी पोचेपर्यंत एकही पोर फाटकाबाहेर नको.

साथ आली की शाळा बंद, हे कोरोनाने सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलंय. पण निवासी शाळेतली चारशे पोरं सुटली, की जीपगाड्यांत कोंबून पन्नास पाड्यांवर पांगतात. तिथे तान्ही बाळं, गरोदर बाया. कांजिण्यांचा विषाणू अंगात शिरल्यावर 10 ते 21 दिवस गप्प बसतो आणि फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागतो. तेव्हा धडधाकट दिसणारं पोरच जास्त लांब रोग नेतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शाळेने अशीच घाईने पोरं सोडली होती. पुढचा महिना मी पाड्यापाड्यांवर फोड मोजत फिरले.

पोचल्यावर मुलगे ओसरीत, उजेडात; मुली आत, माझ्याजवळ. पाण्याने भरलेले फोड, काही नवे, काही फुटलेले, काहींवर खपली, सगळे एकाच पाठीवर: कांजिण्या. आधी ताप, खोकला, गळकं नाक, लाल डोळे, आणि मग कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरणारं सपाट पुरळ असतं तर गोवर समजले असते, आणि दिवसच वेगळा गेला असता. रक्ताचे नमुने बर्फात, लशीची पेटी, अ जीवनसत्त्वाचे दोन दिवस दोन डोस. 2022 मध्ये गोवंडीत गोवराने मुलं दगावली, तेव्हापासून या फरकात मी घाई करत नाही.

कांजिण्यांची लस सरकारी मोफत लसीकरणात नाही. त्यामुळे हातात उरतो कागद.

"सर, हजेरीपट द्या." आजची सात पोरं सगळ्यांना ठाऊक होती, मला हवं होतं दोन आठवड्यांपूर्वीचं पोर. पाचवीतला एक मुलगा सुट्टीहून उशिरा आलेला, आल्यावर तीन दिवस गैरहजर, कारण 'पोटदुखी'. कामाठी मावशींना विचारलं. "तो व्हय? चार फोड आलते. मी पाला लावला, बरा झाला." रजिस्टरपेक्षा स्वयंपाकघराला जास्त कळतं.

मग खडूने फरशीवरच नकाशा काढला. वर्गातला बाक नव्हे, रात्रीची पथारी: कोण कोणाशेजारी झोपतं. सातातली सहा पोरं त्याच्याच रांगेत निघाली. सातवी त्याची धाकटी बहीण, जेवायला त्याच्याजवळ बसणारी.

एक वर्ग रिकामा केला, खिडक्या उघड्या. आजारी पोरांजवळ फक्त कांजिण्या होऊन गेलेली माणसं. स्वयंपाकातली एक बाई सहा महिन्यांची गरोदर होती. तिला त्या बाजूला फिरकूच दिलं नाही. नखं कापायला अर्धा दिवस गेला, कारण खाजवलेला फोड पिकतो. तापाला पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन अजिबात नाही. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत बाहेर येणं बंद. रात्री साथरोगाच्या पोर्टलवर नोंद केली, दुसऱ्या दिवशी तालुक्याचं पथक आणि डॉक्टर आले.

पालकही आले. "आई आलीय, औषध नको." मी वाद घालत नाही. दाराला कडुनिंबाची डहाळी बांधू दिली, गोळी माझ्या हाताने दिली. भगताकडे न्यायचं मात्र खपल्या धरल्यावर, एवढं कबूल करून घेतलं.

सगळ्यात अवघड असतं ते साहेबांना आणि सरांना आधीच सांगून ठेवणं, की दोन आठवड्यांनी दुसरी खेप येणार. आपण वेगळी ठेवायच्या आधीच ज्यांना लागलंय, ती पोरं तेव्हा फुलणार. हे सांगितलं नाही, तर नव्या फोडांबरोबर आपण केलेलं सगळं फुकट गेलं असं वाटतं, आणि कोणीतरी फाटक उघडतं. म्हणून रोज सकाळी प्रार्थनेआधी सगळ्यांची पाठ-पोट बघायचं, शेवटच्या रुग्णानंतर 21 दिवस.

सोळाव्या दिवशी सातला फोन वाजला.

"सिस्टर, पाच. तीन त्याच रांगेतली, दोन दाराजवळची. वर्ग रिकामा केलाय. तुम्ही येताना नेलकटर आणा."