गतिरोधक रूपांतर, जुन्या मोटारगाडीचे

जुन्या मोटारगाडीच्या चाकांवरील मूळचे ढोल गतिरोधक काढून त्यांच्या जागी चकती गतिरोधक बसविण्याच्या क्रियेस गतिरोधक रूपांतर म्हणतात. कार्यशाळेच्या भाषेत हे दोन प्रकार अनुक्रमे ड्रम ब्रेक व डिस्क ब्रेक या नावांनी ओळखले जातात. हे रूपांतर बहुधा पुढील दोन चाकांपुरतेच करतात. त्यात केवळ सुटे भाग बदलून भागत नाही, तर पेडलपासून टायरपर्यंतच्या सर्व यंत्रणेचे संतुलन नव्याने साधावे लागते. ते न साधल्यास रूपांतरित गाडी मूळ गाडीपेक्षा अधिक धोकादायक ठरू शकते.

तत्त्व : ढोल गतिरोधकात चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या ढोलाच्या आतील पृष्ठभागावर अस्तर लावलेले दोन ब्रेक शू दाबले जातात. चकती गतिरोधकात चाकाबरोबर फिरणारी चकती कॅलिपरमधील दोन पॅडांच्या चिमट्यात धरली जाते. दोन्हींत गाडीच्या गतिज ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर होते. १,४०० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी ताशी १०० किमी. वेगावरून थांबविताना सु. ५४० किलोजूल ऊर्जेची अशी विल्हेवाट लावावी लागते. ढोलातील उष्णता बंदिस्त जागेत साठते, ढोल प्रसरण पावून शूपासून दूर जातो व तापलेल्या अस्तराचा घर्षणांकही घटतो. त्यामुळे घाटाच्या लांब उतारावर पेडल अधिकाधिक दाबूनही गतिरोध कमी होत जातो. चकतीचे दोन्ही पृष्ठभाग हवेत उघडे असल्याने ती लवकर निवते. तापून ती जाड झाली, तरी पॅडाच्या जवळच येते. तिच्यावरील पाणीही फिरण्याने झटकले जाते. मात्र एकाच आकस्मिक थांब्यातील अंतर मुख्यत्वे टायरच्या पकडीवर अवलंबून असते. चाके अडविण्याइतके बल सुस्थितीतील थंड ढोलही देऊ शकतात. चकतीचा खरा लाभ वारंवार लावल्या जाणाऱ्या गतिरोधात दिसून येतो.

इतिहास : फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये चकती गतिरोधकाचे एकस्व घेतले. १९५३ च्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत डनलॉप कंपनीचे चकती गतिरोधक बसविलेली जॅग्वार सी-टाइप गाडी विजयी झाल्यावर त्यांचे महत्त्व सर्वमान्य झाले. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएस व १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३ या गाड्यांना पुढील चाकांवर ते मिळाले. तरीही स्वस्त गाड्यांत ढोल दीर्घकाळ टिकून राहिले. भारतातील अँबॅसॅडर व प्रीमियर पद्मिनी यांच्या प्रारंभीच्या गाड्यांत चारही चाकांवर ढोलच असत.

रूपांतरातील मुख्य बाबी : ढोल फिरत असताना पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढून अधिक घट्ट दाबतो. या स्वयंवर्धनामुळे पेडलवरील थोड्या बलातून मोठा गतिरोध मिळतो. चकतीत हा गुण नसल्याने तितक्याच परिणामासाठी द्रवाचा दाब बराच वाढवावा लागतो. याकरिता एंजिनाच्या निर्वातावर चालणारा साहाय्यक, म्हणजे बूस्टर, बसवितात किंवा मास्टर सिलिंडरचा व्यास कमी करतात. हा व्यास २५·४ मिमी. वरून २२·२ मिमी. केल्यास पायाच्या तितक्याच बलाने दाब सु. ३१% वाढतो, परंतु तितकाच द्रव ढकलण्यासाठी पेडलही त्याच प्रमाणात अधिक खाली जाते. कॅलिपरच्या मोठ्या दट्ट्यांना द्रवही अधिक लागतो. म्हणून व्यास मन मानेल तितका कमी करता येत नाही.

ढोलांसाठी बनविलेल्या बहुतेक मास्टर सिलिंडरांत नळ्यांमध्ये सु. ०·७ किग्रॅ./चौ. सेंमी. दाब टिकवून धरणारी झडप असते. चकतीच्या मार्गात ती राहिल्यास पॅड सतत घासून तापतात. तेथून ती काढणे आवश्यक असते.

सर्वांत नाजूक प्रश्न पुढील व मागील चाकांमधील गतिरोधाच्या वाटणीचा असतो. गतिरोध लागताच गाडीचा भार पुढे सरकतो व मागील चाकांची पकड घटते. अशा वेळी मागील ढोलांना वाढीव दाब पूर्णपणे मिळाल्यास मागील चाके प्रथम अडतात आणि गाडी गरकन फिरते. हे टाळण्यासाठी मागील मार्गात दाब मर्यादित करणारी प्रमाण झडप बसवितात. पुढील चाके प्रथम अडतील अशा रीतीने तिचे समायोजन मोकळ्या व सुरक्षित जागी चाचणी घेऊन करतात.

उदाहरण : अमेरिकेतील फोर्ड मस्टँग या १९६४ मध्ये आलेल्या गाडीवर हे रूपांतर मोठ्या प्रमाणावर केले जाते. तिच्या सहा सिलिंडरांच्या प्रकारात चाकाला चार बोल्ट, तर आठ सिलिंडरांच्या प्रकारात पाच बोल्ट असत. त्यामुळे पहिल्या प्रकारावर दुसऱ्याचे भाग सरळ बसत नाहीत. हब व चाकेही बदलावी लागतात. कॅलिपर व चाकाची कड यांत पुरेसे अंतर आहे की नाही, हेही तपासावे लागते. प्रारंभीच्या मस्टँगमध्ये चारही चाकांना एकच द्रवमार्ग असे. एक नळी फुटल्यास पायाचा सर्व गतिरोध नाहीसा होई. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर १९६७ च्या गाड्यांपासून आला. जुन्या गाडीवर तो बसविल्याने मिळणारी सुरक्षितता चकतीमुळे मिळणाऱ्या सुरक्षिततेहून कमी महत्त्वाची नाही.

मर्यादा : मागील चाकांवरही चकत्या बसविल्यास हात-गतिरोधकाची वेगळी योजना करावी लागते. जुन्या रबरी नळ्या व गंजलेल्या धातूच्या नळ्या वाढीव दाबाखाली फुटू शकतात, म्हणून त्या बदलणे इष्ट असते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांच्या स्वतंत्र नोंदणीची तरतूद आहे. गाडीचे ऐतिहासिक मूल्य तिच्या मूळ रचनेत असते. यासाठी चौकट न कापता व नवी भोके न पाडता बसणारी योजना पसंत करतात आणि काढलेले भाग जपून ठेवतात. गाडी क्वचितच व सपाट रस्त्यावर चालविली जात असेल, तर मूळ ढोल घासून गोल करणे, नवे अस्तर लावणे व शूमधील अंतर नीट जुळविणे एवढी दुरुस्ती पुष्कळदा पुरेशी ठरते.