गिऱ्हाइकाने शिजवलेले चायनीज

मुंबईहून अहमदाबादच्या दिशेने निघाले की दहिसर मागे पडते, काशिमिरा येते आणि मग वरसावे. अंधेरीजवळचे समुद्रकाठचे वेसावे ते हे नव्हे. ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता जिथे महामार्गाला मिळतो आणि पुढे खाडीवरचा पूल सुरू होतो, ते हे मीरा-भाईंदरच्या हद्दीतले वरसावे. इथल्या कोंडीत कधीच न अडकलेला माणूस वसई-विरारकडे शोधून सापडणार नाही. चौकाच्या आसपास लग्नाची लॉन्स, ढाबे, मोठी हॉटेले आणि त्यांच्यात मिसळून गेलेले आपले चायनीज.

‘आपले’ हा शब्द चुकून पडलेला नाही. मराठी माणूस देशाला चीन म्हणतो, मालाला चिनी म्हणतो, पण खाण्याला चायनीज म्हणतो. ‘आज चायनीज खाऊ’ म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर बीजिंग नसते, कोपऱ्यावरची लाल गाडी असते. नूडल्स आणि मोमो मिळणाऱ्या साध्या हॉटेलातून बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘कसे होते?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर समजून घेण्याची किल्ली या एका शब्दात आहे. उत्तरे बहुतेक ठरलेली असतात. क्वांटिटी बरी होती. तिखट कमी होते. तेलकट होते. मोमो जरा कच्चे वाटले. गाडीवरची मजा नाही. आणि एखादा चोखंदळ म्हणतो, ‘अस्सल नव्हते.’

ही मते वरवरची वाटतात, पण प्रत्येकामागे एक मापदंड आहे. माझे म्हणणे असे की तो मापदंड चीनचा नाही. तो आपल्याच स्वयंपाकघरात आणि आपल्याच रस्त्यावर गेल्या पन्नास वर्षांत तयार झाला, आणि गिऱ्हाईक हॉटेलाला त्यावर तोलते.

‘कच्चे’ या तक्रारीपासून सुरुवात करू, कारण ती सर्वांत चमत्कारिक आहे. वाफवलेल्या पदार्थाचे आपल्याला वावडे नाही. उकडीचे मोदक आपण देवाला दाखवतो. ते तांदळाचे म्हणून वेगळे म्हणावे, तर नागपंचमीची दिंडे आहेतच: कणकेच्या पारीत पुरण भरून वाफवलेली. डिमसममधल्या कोळंबीच्या पारदर्शक पारीसाठी गव्हाच्या सत्त्वावर उकळते पाणी ओतून ते गरम असतानाच मळतात. ज्या बाईने आयुष्यभर उकड काढली, तिला ही कृती समजावून सांगण्याची गरज नाही. चिनी घरांत नववर्षाच्या आदल्या रात्री सगळे कुटुंब एकत्र बसून ‘ज्याओझ’ भरते. आकार थेट करंजीचा, बसणे-बोलणेही आपल्या करंज्यांच्या दुपारसारखेच. एखाद्यात नाणे लपवतात आणि ते ज्याला मिळेल तो भाग्यवान. फरक एवढाच की ज्याओझ उकळतात किंवा वाफवतात आणि करंजी तळतात.

मग दिंडे खाणाऱ्याला मोमो कच्चा का वाटतो? कारण तो मोमोची तुलना दिंडाशी करतच नाही. मोमो मुळात तिबेट-नेपाळकडचा. पण आपल्याकडे तो चायनीजच्या यादीत आला, आणि चायनीज म्हणजे तळलेले, परतलेले, लालभडक असे मनात पक्के होते. मंचुरियनचे गोळे तळलेले, लॉलीपॉप तळलेले, भेळेतल्या नूडल्सही तळलेल्या. त्या पंगतीत पांढरा, मऊ, वाफाळता मोमो बसला की तो अर्धवट शिजलेला वाटतो. फ्राय मोमो आणि तंदूर मोमो निघाले ते यातूनच. हॉटेलवाल्याने आचाऱ्याचे नव्हे, गिऱ्हाइकाचे ऐकले.

गिऱ्हाइकाचे ऐकणे हीच तर या खाण्याची जन्मकथा आहे. कोलकात्यात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी लोक येऊन राहिले. त्यांतले हक्का लोक कातडी कमावण्याच्या धंद्यात होते. टांगरा ही त्यांची वस्ती. हक्का नूडल्समधले ‘हक्का’ म्हणजे मसाला नव्हे, ही माणसे. मुंबईतही माझगावला चिनी वस्ती होती. तिथले 1919 सालचे सी यप कून मंदिर आजही उभे आहे. कुलाब्याचे नानकिंग, चर्चगेटचे कामलिंग ही जुन्या मुंबईची चिनी हॉटेले. तिथली चव बेताची, सौम्य, कँटनच्या वळणाची. 1973 मध्ये ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन सुरू झाले आणि सिचुआन प्रांताचे तिखट खाणे मुंबईला कळले. ‘सिचुआन’चे बोलता बोलता ‘शेजवान’ झाले.

मग 1975 च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग या कोलकात्यात जन्मलेल्या चिनी आचाऱ्याकडे गिऱ्हाइकाने यादीत नसलेले काहीतरी नवे मागितले. वँग यांनी आले, लसूण, हिरवी मिरची चिरून परतली, म्हणजे आपली नेहमीची फोडणीच. पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लावर लावून दाटपणा आणला आणि त्यात कोंबडीचे तळलेले तुकडे सोडले. हे चिकन मंचुरियन. मंचुरिया हा चीनचा ईशान्येकडचा प्रदेश, पण तिथे हा पदार्थ कोणी ओळखणार नाही. पुढे कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला, कोबी-गाजराचे गोळे आले. मुंबईच्या मागणीवर मुंबईत तयार झालेला हा पदार्थ वडापावइतकाच मुंबईकर आहे, आणि वयानेही दोघांत फार अंतर नाही.

म्हणून ‘अस्सल नव्हते’ या मतापाशी थांबून विचारावे लागते: कशाच्या मानाने? खऱ्या सिचुआनी खाण्यात मिरचीबरोबर एक छोटे फळ असते, ज्याने जीभ झिणझिणते आणि थोडी बधिर होते. आपल्या शेजवान चटणीत सुकी मिरची, लसूण, तेल, व्हिनेगर, साखर असते. तो झिणझिणाट नसतो. गंमत म्हणजे ते फळ आपल्याला परके नाही. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कालवणात पडणारे तिरफळ त्याच्याच कुळातले, झँथोझायलम या एकाच प्रजातीतले. एखाद्याने वरसाव्यात खरी सिचुआनी नूडल्स वाढली, तर बहुतेक गिऱ्हाइके म्हणतील की काहीतरी बिघडले आहे. आणि मालवणची एखादी आजी म्हणेल, यात तिरफळ पडलंय.

रंगाची गोष्ट अशीच, पण तितकी निरुपद्रवी नाही. गिऱ्हाईक तिखटपणा आधी डोळ्यांनी मोजते. लाल असले तर झणझणीत, फिकट असले तर मिळमिळीत. काश्मिरी मिरचीने लाली येते, पण ती महाग; चिमूटभर कृत्रिम रंग स्वस्त. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यातल्या म्हापसा पालिकेने तर जत्रेतल्या आणि रस्त्यावरच्या गोबी मंचुरियनलाच मज्जाव केला. दोन्हीकडे दोष विक्रेत्यावर आला आणि तो आहेच. पण फिकट मंचुरियन परत पाठवणारे गिऱ्हाईक त्या चिमटीत वाटेकरी आहे, हेही सांगायला हवे.

त्या मानाने ‘अजिनोमोटो घालत नाही ना?’ हा प्रश्न फार मोठ्या आवाजात विचारला जातो. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्रशेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला उमामी म्हटले. हेच ग्लुटामेट पिकल्या टोमॅटोत असते, मुरलेल्या चीजमध्ये असते, आईच्या दुधात असते. 1968 मध्ये एका डॉक्टरने अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिले की चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो, धडधडते. कारण म्हणून त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकातली दारू, मीठ, अजिनोमोटो अशा अनेक शक्यता मांडल्या होत्या. लोकांच्या लक्षात राहिली ती एकच. पुढे खाणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही न कळू देता घेतलेल्या चाचण्यांत हा त्रास सातत्याने दिसला नाही. आपल्याकडे 2015 मध्ये मॅगीवर बंदी आली तेव्हा शिसे आणि पाकिटावरचा अजिनोमोटोबाबतचा दावा असे दोन मुद्दे होते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये बंदीचा आदेश रद्द करून नव्याने तपासणी करायला सांगितली आणि नोव्हेंबरात मॅगी परत आली, पण अजिनोमोटोचे नाव खराब झाले ते झालेच. हॉटेलात विचारायचेच असेल, तर तळणीचे तेल किती वेळा वापरले ते विचारावे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅम आहे. रक्तदाब असलेल्याने हा हिशेब धरावा.

मीरा-भाईंदरच्या गिऱ्हाइकाचे मत बनते ते मात्र यांतल्या कशानेच नाही. ते बनते कढईवरून. भाईंदरला गुजराती-मारवाडी जैन वस्ती मोठी, मीरा रोडला मुस्लिम वस्ती मोठी, उत्तनपासून वरसाव्यापर्यंत मूळचे आगरी, कोळी, ख्रिस्ती, आदिवासी. आठ लाखांवरच्या या शहरात एकाच पदार्थाकडे येणारे लोक तीन वेगळे प्रश्न घेऊन येतात. हलाल आहे का? व्हेजची कढई वेगळी आहे का? जैन मिळेल का? जैन चायनीज हे आचाऱ्याची परीक्षा पाहणारे प्रकरण आहे. कांदा नाही, लसूण नाही, आले नाही, गाजर नाही. म्हणजे वँग यांच्या त्या फोडणीतले मिरचीशिवाय सगळे गेले. उरतात सोया सॉस, व्हिनेगर, मिरची, सिमला मिरची आणि मोठी आच. तरीही घरच्यांना घेऊन येणारे जैन गिऱ्हाईक ‘चांगले होते’ म्हणून जाते. त्याचा अर्थ चव उत्तम होती असा नसतो, मला इथे धास्ती वाटली नाही असा असतो. चवीचे मत आणि विश्वासाचे मत एकाच शब्दात बोलले जाते.

फोनवरच्या ताऱ्यांनी ही सरमिसळ आणखी वाढवली. पाचपैकी तीन तारे म्हणजे नेमके काय बिघडले? बरेचदा आचाऱ्याचे काहीच चुकलेले नसते. शिजलेले पिष्ट थंड होताना घट्ट होते. म्हणून वाफवलेला मोमो वीस मिनिटांत चामट होतो आणि डब्यात एकमेकांना चिकटतो. सुपातल्या नूडल्स रस पीत राहतात आणि फुगतात. वरसाव्याच्या कोंडीत पार्सल अडकले की सूप संपलेले आणि नूडल्सचा लगदा झालेला. परतलेला राइस आणि मंचुरियन हा प्रवास बरा सोसतात, म्हणून त्यांना तारे जास्त मिळतात आणि हॉटेलवाला हळूहळू सूप, डिमसम यादीतून काढून टाकतो. सूप आणि नूडल्स वेगवेगळे बांधून देणारी हॉटेले आहेत. गिऱ्हाइकाने सूप घरी उकळून मग एकत्र केले तर निम्म्या तक्रारी उरणार नाहीत.

‘गाडीवरची मजा नाही’ या मतात तथ्य आहे. गाडीवरचा शेगडीचा भपका घरच्या गॅसच्या कितीतरी पट असतो. तापलेल्या कढईत तेलाचे थेंब पेटतात, सोया सॉस काठाला लागून करपतो आणि तो धुरकट वास नूडल्सला लागतो. कँटनी भाषेत याला ‘कढईचा श्वास’ अशा अर्थाचे नाव आहे. नीटनेटक्या हॉटेलात एकदम चार प्लेट एका कढईत टाकल्या की आच पडते, भाजी पाणी सोडते आणि परतणे होण्याऐवजी उकडणे होते. ‘तेलकट’ आणि ‘गिचका’ या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथे असते.

एक मापदंड राहिला, आणि तो मला सर्वांत खटकतो. आचाऱ्याचा चेहरा. नेपाळ, दार्जिलिंग किंवा ईशान्य भारतातला मुलगा कढईमागे दिसला की गिऱ्हाइकाला हॉटेल अस्सल वाटते. तो मुलगा चिनी नसतो. कधी तर नूडल्स बनवायला तो मुंबईतच शिकलेला असतो. हाच चेहरा दुसऱ्या वेळी त्याच्यावर उलटतो. 1962 च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या भारतीयांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवले गेले. मार्च 2020 मध्ये करोनाच्या भीतीने ईशान्येकडच्या लोकांना रस्त्यात शिवीगाळ झाली, तेव्हा केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना पत्र लिहावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये गलवानच्या चकमकीनंतर केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चिनी पदार्थ विकणाऱ्या हॉटेलांवर बंदीची मागणी केली. ती अमलात आली असती, तर मुंबईत जन्मलेल्या मंचुरियनवर आली असती, आणि रोजगार गेला असता तो महाराष्ट्राच्या, नेपाळच्या, मणिपूरच्या मुलांचा.

हॉटेल बंद झाले, कढया घासून झाल्या की ही मुले मागच्या बाजूला जेवायला बसतात. त्यांच्या ताटात बहुधा डाळभात असतो.