वहीतलं पान, झाडाचं पान

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात कृष्णामाई शिरली. आयर्विन पुलापाशी पाण्यानं ५७ फुटांची खूण ओलांडली होती. पाणी ओसरल्यावर पलंगाखालची ट्रंक उघडली, तर तळाशी माझी माहेरची, साताऱ्याची वही सापडली. चिकटवलेल्या पानाफुलांचा लगदा झाला होता. शाईनं लिहिलेली नावं निळ्या डागांत विरून गेली होती. पण कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं लिहिलेल्या ओळी वही वाळल्यावर स्वच्छ वाचता आल्या : ‘पांगारा. अजिंक्यताऱ्याची वाट. १२ मार्च १९७२.’

आमचे आण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. रविवारी सकाळी आम्हा भावंडांना घेऊन किल्ल्याची वाट धरायचे. त्यांचे नियम दोनच. झाडावरचं तोडायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं. आणि उचललं की जागेवरच नाव, ठिकाण, तारीख लिहायची. तीही पेन्सिलीनं, कारण ती पाण्यानं पुसली जात नाही. ‘पत्ता नसलेलं पान म्हणजे केर,’ असं ते म्हणत. तेव्हा या शिस्तीचा रागच यायचा. वनस्पतिशास्त्राची सारी मंडळी हेच करतात, हे मला फार उशिरा कळलं. नव्या वनस्पतीचं नाव ठरतं ते वाळवून, पत्त्यासह जपलेल्या नमुन्यावरून. आपल्या कासच्या पठारावरचा वायतुरा घ्या. १९८२ मध्ये त्याचं शास्त्रीय नामकरण झालं, ‘ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस’. साऱ्या जगाच्या पुस्तकांत त्या फुलानं साताऱ्याचं नाव नेलं.

त्या दिवाळीत नातीनं नवी वही मागितली. तिला शिकवलं ते घरोघरी करता येण्याजोगं आहे. पान घडी न पडू देता रद्दीच्या साध्या कागदात पसरावं. गुळगुळीत कागद ओल शोषत नाही. वर पाट आणि पाटावर पाटा ठेवावा. दिवसाआड कागद बदलावा, पावसाळ्यात तर रोजच. आठ-दहा दिवसांत पान कडक होतं. खळीनं किंवा डिंकानं चिकटवलं तर कसर लागते आणि सेलोटेप पिवळी पडते. त्यापेक्षा कागदाच्या बारीक पट्ट्या लावाव्यात किंवा दोऱ्याचे दोन टाके घालावेत. शेंगा, बिया वहीत कोंबू नयेत. उन्हात वाळवून काड्याच्या पेटीत ठेवाव्यात.

कासला मात्र तिची पंचाईत झाली. जांभ्या खडकावरचा मातीचा जेमतेम थर, त्यावर सीतेची आसवं आणि तेरड्याचे गालिचे. २०१२ मध्ये हे पठार पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. इथं फूल तोडायला बंदी आहे. आपल्या सागरेश्वरसारख्या अभयारण्यातूनही पडलेलं पीससुद्धा परवानगीशिवाय आणता येत नाही. नात हिरमुसली. मी म्हटलं, ‘‘बस इथं. डोळ्यांनी उचल.’’ अर्धा तास ती कडेला बसली आणि एकच फूल काढलं. चित्र वेडंवाकडंच आलं, पण त्याच्या पाकळ्या ती आजही न बघता सांगते.

तिच्या वहीतलं सर्वांत साधं पान वडाचं आहे. मिरज-पंढरपूर रस्त्यावरच्या भोसे गावचा हा वड चारशे वर्षांचा म्हणून सांगत. २०२० मध्ये महामार्गासाठी तो जाणार होता. लोक एकवटले, ओरड झाली आणि रस्त्याची आखणी बदलून वड वाचला. २०२१ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तो पाहायला गेलो. तिनं एक पिवळं पान उचललं, पाठीवर वही धरायला लावून माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि पत्ता लिहिला. पुढच्याच वर्षी, २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडी, तो वड कोसळला.

बातमी वाचून ती वही घेऊन आली. ‘‘आजी, पडला हे त्याच पानाखाली लिहू की नवीन पान घेऊ?’’

‘‘त्याच पानाखाली,’’ मी म्हटलं. ‘‘आणि पेन्सिलीनंच.’’