जुनी साडी, नवी पिशवी आणि शिलाईचा हिशेब



मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की रत्नागिरीच्या बाजारात एक देखावा हमखास दिसतो. गटार तुंबते, काळे पाणी रस्त्यावर येते, दुकानदार ओरडू लागतात आणि मग सफाई कामगाराला बोलावणे जाते. झाकण सरकवून, काठी घालून, नाहीतर स्वतः हात घालून तो आतला बोळा बाहेर काढतो. त्या बोळ्यात काय असते? कोथिंबिरीची पिशवी, मिरचीची पिशवी, कोळंबीची पिशवी. आपणच घरी आणलेल्या आणि आपणच फेकलेल्या! आणि तो कामगार कोण असतो? पुष्कळदा आपलाच कुणीतरी भाऊ, दीर, नाहीतर मामा. घरून पिशवी न्यायचा आपण कंटाळा करतो, त्याची किंमत त्याचे हात मोजतात.

म्हणूनच प्लॅस्टिकच्या पिशवीचा प्रश्न हा शिकल्यासवरल्यांच्या चर्चेचा विषय आहे असे समजून आपण बाजूला राहू शकत नाही. तो आपल्या वस्तीचा प्रश्न आहे. गावाचे सांडपाणी जिकडे उतरते तिकडेच बहुधा आपली वाडी असते. गटार वर तुंबले की पाणी खाली आपल्या उंबऱ्याला लागते.

गटारापासून समुद्रापर्यंत

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईत राहिलेला कोणीही कोकणी माणूस विसरणार नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. इतका पाऊस कुठल्याच गटाराला पेलणारा नव्हता हे खरे. पण जी गटारे होती तीही पिशव्यांनी बुजलेली होती, हे पाणी ओसरल्यावर साऱ्यांनी पाहिले. बांगलादेशाने हा धडा आपल्या आधी घेतला. १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत पातळ पिशव्यांनी पाण्याच्या वाटा अडवल्या, हे ध्यानात आल्यावर त्या देशाने २००२ साली अशा पिशव्यांवर बंदी घातली. जगात हे पाऊल उचलणारा तो पहिला देश. श्रीमंत देश त्याच्या मागून आले.

जी पिशवी गटारात अडकत नाही ती पऱ्ह्याने, खाडीने समुद्राला मिळते. आपल्या जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालायला येतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती घरटी राखली. पूर्वी जी अंडी खाल्ली नाहीतर विकली जात, तीच आज पाहुणे येऊन पाहतात. पण समुद्रात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. ते ती गिळते आणि पोटात गोळा होऊन मरते. किनाऱ्यावर राखलेले पिल्लू समुद्रात आपल्या पिशवीने मारायचे, याला काय म्हणावे?

बंदी आली, पिशवी मात्र गेली नाही

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली. तेव्हाचे पर्यावरण मंत्री रामदास कदम हे आपल्याच जिल्ह्यातले. तीन महिन्यांची मुदत संपून २३ जून २०१८ पासून दंड सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तुरुंगवासही. पुढे केंद्र सरकारनेही पिशवीची जाडी वाढवत नेली. ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉनपेक्षा आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीला देशभर मनाई आहे.

त्या २०१८ च्या पावसाळ्यात आमच्या वाडीत मशिनींचा आवाज रात्री उशिरापर्यंत चालू होता. ठिकठिकाणच्या बचत गटांप्रमाणे आम्ही पाचजणींनीही कापडी पिशव्या शिवायला घेतल्या. एका दुकानदाराने शंभर पिशव्या सांगितल्या. भाव ठरवताना आम्ही कापड मोजले, दोरा मोजला. स्वतःची दुखणारी पाठ आणि जागलेल्या रात्री काही मोजल्या नाहीत. पिशव्या तयार झाल्या तोवर दंडाची भीती ओसरली होती. दुकानदाराने निम्म्या नेल्या, बाकीच्यांना "नंतर बघू हां ताई" म्हणाला. त्याच्या गल्ल्याखाली पुन्हा पातळ पिशव्यांचा गठ्ठा आला होता. उरलेल्या पिशव्या आम्ही पाहुण्यारावळ्यांना वाटून संपवल्या.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. एक, कायद्याच्या भरवशावर पिशवी टिकत नाही, सवयीच्या भरवशावर टिकते. दुसरी, आपल्या श्रमाला मोल लावल्याशिवाय मशीनवर बसू नये. बाकी सगळे या दोन गोष्टींच्या पोटात येते.

आधी घरातली ट्रंक उघडा

पिशवीसाठी नवे कापड आणायची घाई करू नका. कापूस पिकवायला पाणी लागते, सूत काढायला वीज लागते, रंगाला रसायने लागतात. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली याचा हिशेब मांडला. तिथल्या दुकानातल्या प्लॅस्टिक पिशवीशी तुलना करता, नव्या सुती कापडाची पिशवी निव्वळ हवामानाचा विचार केला तरी ५२ वेळा वापरल्यावर परवडते. पाणी, हवा असे सगळे परिणाम धरले तर आकडा हजारांत जातो. याचा अर्थ कापडी पिशवी वाईट असा नाही. ती वर्षानुवर्षे वापरली पाहिजे आणि शक्यतो वापरलेल्याच कापडाची शिवली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

हे आपल्याला परके नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक कथा आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरांचे दान दिले. राजाला वाटले, हा भिक्षू एवढ्या वस्त्रांचा व्यापार करणार की काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीची खोळ. जुन्या खोळींचे? जमिनीवरचे अंथरूण. मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी, आणि शेवटी त्या चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवायला. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आपल्या आज्याही लुगड्याची वाकळ आणि वाकळीचे फडके करतच होत्या. मध्यंतरी फुकटच्या पिशवीने ती जाण आपल्या हातून हिसकावून घेतली.

माप आणि शिलाई

रोजच्या बाजाराला १४ इंच रुंद आणि १६ इंच खोल पिशवी पुरते. एका पिशवीला १६ इंच रुंद व ३६ इंच लांब असा एकच तुकडा कापा. तो मध्ये दुमडला की तळाला शिलाई येत नाही, त्यामुळे तळ उसवत नाही. बंदांसाठी ४ इंच रुंद, २२ इंच लांब अशा दोन पट्ट्या घ्या. पट्टीच्या चार घड्या करून एक इंचाचा बंद होतो.

पाचवारी सुती साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते. तिच्या पन्ह्यात ३६ इंचांचा तुकडा बसून वर बंदांपुरती पट्टी उरते. साडीचे कापड विरळ, म्हणून दोन पदर घ्या. साडी चांगली असेल तर अशा दुपदरी सहा पिशव्या निघतात. मधला विरलेला भाग टाळला तरी चार कुठे गेल्या नाहीत. एकेरी अंथरुणाच्या जाड चादरीच्या एकपदरी पाच होतात. विजारीचे आणि खाकी गणवेशाचे कापड बटाटे-कांद्याच्या पिशवीला उत्तम. नवे मांजरपाट घेतलेच तर कापण्याआधी एक रात्र पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात पिशवी आटते.

बाजूची शिलाई दुहेरी घाला. आधी सुलट बाजूने कडेला शिवून घ्या, मग पिशवी उलटवून पुन्हा शिवा. म्हणजे कापडाची कड आत बंद होते, दोरे सुटत नाहीत आणि तांदळाचा दाणा अडकत नाही. तोंडाला दोन इंचांची दुमड घाला आणि बंदांची टोके त्या दुमडीच्या आत घेऊन चौकोन शिवा. चौकोनात फुलीची शिलाई मारा. पिशवी तुटते ती नेहमी बंदापाशी, तेव्हा तिथे दोरा वाचवू नका. साध्या कापडाला १४ नंबरची सुई चालते, जाड कापडाला १६ नंबरची घ्या. पिशवी झाली की पाच किलो तांदूळ भरून रात्रभर खुंटीला टांगून ठेवा. सकाळी बंद जागच्या जागी असतील तर ती बाजारात जायला योग्य झाली.

मासळीचे आणि पावसाचे काय?

हा प्रश्न प्रत्येक रत्नागिरीकर बाई विचारणारच. मिरकरवाड्याहून बांगडे आणायचे तर कापडी पिशवी दारापर्यंत गळते आणि वास आठवडाभर जात नाही. त्याला उपाय एकच, झाकणाचा डबा. डबा पिशवीत ठेवून न्या आणि मासळी थेट डब्यात घ्या. वजनाआधी डबा तागडीत ठेवून त्याचे वजन वजा करायला सांगा. सुरुवातीला मासळीवाली मावशी हसेल, पण चार खेपांनंतर तीच तुमचा डबा आधी मागून घेईल.

पावसासाठी मोडकी छत्री फेकू नका. काड्या काढून कापड धुवा, पाकळ्या जोडून पिशवी शिवा. ती हलकी होते, झटकली की वाळते आणि घडी करून खिशात मावते. शिलाईच्या भोकांतून थोडे पाणी शिरते, पण पिठामिठाची पुडी घरी येईपर्यंत कोरडी राहते. कामावरून परतताना भाजी आणणाऱ्या पुरुष मंडळींच्या डब्याच्या पिशवीत अशी एक घडी कायम ठेवून द्या.

एका फसवणुकीपासूनही सावध राहा. कापडासारखी दिसणारी, पण बोटाने ओढली की कापसासारखी तुटणारी रंगीत पिशवी बाजारात मिळते. ती विणलेली नसते, दाबून चिकटवलेली असते, आणि बहुतेक वेळा प्लॅस्टिकचीच असते. तिचा एक धागा चिमट्यात धरून पेटवून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो. प्लॅस्टिक वितळून त्याचा कडक मणी बनतो.

आता पैशाचा हिशेब

घरच्या वापराला शिवली तर खर्च दोऱ्याचा. पण विकायला शिवणार असाल तर आधी वही उघडा. नमुन्यादाखल समजा, एका पिशवीला नवे कापड २५ रुपयांचे लागले. दोरा, सुई, तेल आणि मशीनची झीज मिळून ३ रुपये. कापण्यासकट तासाला तीन पिशव्या होतात आणि तासाची मजुरी तुम्ही ६० रुपये धरली, तर पिशवीमागे मजुरी २० रुपये. एकूण ४८ रुपये. दुकानदार म्हणाला, ३५ ला द्या. २८ रुपये वजा जाता हातात उरले ७, म्हणजे तासाचे २१ रुपये! आम्ही २०१८ मध्ये नेमका हाच हिशेब केला नव्हता. तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला, पण मजुरीची ओळ कोरी सोडू नका.

मागणी घेताना निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि किती पिशव्या, कोणत्या तारखेला, काय भावाने, हे कागदावर लिहून सही घ्या. काम वाटून करा. एकीने सगळे कापावे, दुसरीने बंद करावेत, तिसरीने बाजू शिवाव्यात. वेळ वाचतो तो असाच. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून आणि उमेद अभियान २०११ पासून बचत गटांचे काम पाहते. गट असेल तर तिथे चौकशी करायला संकोच करू नका. तो आपला हक्क आहे.

आणि एक. पिशवी शिवायची बाईने आणि विसरायची बाकीच्यांनी, हे चालणार नाही. मुलांनाही मशीनवर बसवा, मुलग्यांनाही. दाराच्या आत, चपला घालतो त्या जागी एक खुंटी ठोका आणि पिशवी तिथेच टांगा. रिकामी झाली की परत खुंटीला. येत्या १४ एप्रिलला वाडीत फळे वाटाल, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला निघाल, तेव्हा प्रत्येक घराच्या हातात घरचीच पिशवी असू द्या. पुढच्या मृगात गटारात हात घालणाऱ्या आपल्या भावाच्या हाती निदान आपल्या घरची पिशवी लागू नये, एवढे तरी आपण करू या.