बारा ते चारची पाळी

रात्री पावणेबाराला ब्रिजवर पाऊल टाकलं की आधी काहीच दिसत नाही. खालच्या उजेडाची सवय डोळ्यांतून जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हणून तिथले दिवे मंद, तांबडे असतात आणि पाळी घ्यायला आलेला अधिकारी कोपऱ्यात गप्प उभा राहतो. डोळे अंधारात रुळल्याशिवाय जहाज ताब्यात घ्यायचं नाही, हे मी पहिल्याच जहाजावर शिकलो.

नौदलातला अधिकारी म्हटलं की लोकांना पांढराशुभ्र गणवेश आणि तलवार आठवते. माझ्या लेखी एझिमलाच्या अकादमीतून आलेला पोरगा अधिकारी होतो तो वॉचकीपिंगचं प्रमाणपत्र हातात पडल्यावर. आता कॅप्टन तुमच्या भरवशावर झोपू शकतो, असा त्याचा अर्थ. (संध्याकाळी चार ते आठ या वेळेचे दोन तुकडे पाडतात. त्यामुळे पाळ्या रोज सरकतात, नाहीतर बारा ते चार कायम एकाच्याच माथी बसेल.)

सप्टेंबरातली रात्र. कोचीहून मुंबईकडे निघालो होतो, देवगडच्या समोर, वेग 15 नॉट. म्हणजे दर 4 मिनिटांना एक सागरी मैल, 1852 मीटर. जून-जुलैची मासेमारी बंदी संपलेली, नारळी पौर्णिमा झालेली, त्यामुळे समुद्रभर दिवे. हिरव्याखाली पांढरा असेल तर ट्रॉलर जाळं ओढतोय, तांबड्याखाली पांढरा असेल तर दुसऱ्या तऱ्हेची मासेमारी चालू आहे. हे नियमातलं. लहान होडीवर मात्र एखादाच लुकलुकता दिवा असतो, आणि फायबरची होडी रडारवर लाटांच्या ठिपक्यांत हरवून जाते. तिथे दुर्बीण आणि डोळेच कामाचे.

उजव्या अंगाला, किनाऱ्याकडून, असा एक दिवा येत होता. मी कंपासवर त्याची दिशा घेतली. मिनिटाने पुन्हा घेतली. मग पुन्हा. दिशा तीच, दिवा मोठा होत चाललेला. अंतर घटतंय आणि दिशा बदलत नाही, याचा अर्थ एकच: टक्कर. उजवीकडून येणाऱ्याला वाट आपण द्यायची, आणि ती लवकर द्यायची.

कॅप्टनना फोन लावताना नव्या अधिकाऱ्याची जीभ अडखळते. उगाच उठवलं तर? पण रात्रीच्या आदेशवहीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं, शंका आली की उठवा. शंका असून न उठवणारा अधिकारी मला कधीच धाडसी वाटला नाही.

‘‘सर, उजवीकडे होडी, दिशा स्थिर. उजवीकडे वळून तिच्या मागून जातोय.’’

‘‘वळा. येतोच.’’

‘‘स्टारबोर्ड टेन.’’ चाकावरच्या खलाशाने शब्द जसाच्या तसा परत उच्चारला, चाक फिरवलं, फिरवल्याचं सांगितलं. नाळ हळूहळू वळली. दिवा डावीकडे सरकत गेला. होडीतून कुणीतरी बॅटरी उंचावून दोनदा हलवली. कॅप्टन माझ्या मागे येऊन उभे होते. काही न बोलता ते ती पार होईपर्यंत थांबले आणि खाली गेले.

पावणेचारला पुढच्या पाळीचा सबलेफ्टनंट आला. चार वाजले तेव्हा मी त्याला विचारलं, ‘‘घेतोस?’’

‘‘अजून नीट दिसत नाहीये, सर. पाच मिनिटं द्या.’’

मी दुर्बीण गळ्यातच ठेवली.