बांधावरची झाडे आणि वादळवारा

ऑक्टोबर २०२० मध्ये कमी दाबाचा पट्टा आपल्या जिल्ह्यावरून गेला, तेव्हा ऊस लोळला आणि बांधावरची झाडेही आडवी झाली. एखादं झाड उसात कोसळलं की "तोडा सगळीच!" हे आम्ही दरवेळी ऐकतो. थोडं थांबा, आधी उपटलेल्या मुळ्या पाहा. बहुधा बांधाला खेटून ट्रॅक्टरचा नांगर फिरलेला असतो. मुळं तुटलेली, त्यात जमीन चिखल झालेली. मग झाड उभं राहणार कशाच्या जोरावर? फांद्यांच्या घेराइतकी जागा नांगराबाहेर सोडावी. जमत नसेल तर निदान दोन्ही बाजूंची मुळं एकाच वर्षी तोडू नयेत.

वळवाआधी वाळक्या, दाट फांद्या विरळ कराव्यात. शेंडा मात्र छाटू नये. तिथले नवे फुटवे कच्चे असतात, पुढे तेच मोडतात. कोवळं डाळिंब आडवं झालं तर मुळ्या ओल्या असतानाच सरळ करून, माती दाबून, काठीला सैल बांधावं. मोठ्या लिंबाच्या बाबतीत हा खटाटोप व्यर्थ.

आणि हो, वाऱ्याच्या बाजूची झाडांची ओळ आपल्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर मोडते. ती तोडली तर पुढच्या वादळात ऊस उघडाच.